बारा हातांची काळजीपूर्वक खांड

समुद्र आत येताना अर्ज करत नाही. खारशिवणे गावाला ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती आणि म्हणूनच त्याला बाहेर घालवतानाही तिथं कधी कोणी अर्ज केला नव्हता.

रेवदंड्याच्या खाडीत आतल्या अंगाला हे आगऱ्यांचं गाव. गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि पाणी व भात यांच्यामध्ये चिखलाचा एक लांबलचक बांध. मोठ्या उधाणाला हा बांध कुठं ना कुठं फुटायचा. फुटला की ‘खांड गेली’ म्हणायचं. खांड गेली की सभा नाही, दवंडी नाही. भरतीचा जोर ओसरून भांगाचे दिवस आले की घरटी एक माणूस बांधावर उतरायचा, रांग लागायची, चिखलाचे गोळे हातोहात पुढं सरकायचे आणि दिवस मावळायच्या आत खांड बुजलेली असायची. जो येणार नाही त्यानं बाकीच्यांना ताडी पाजायची, एवढा एकच कायदा. ताडीची झाडं ज्यांच्या दारात होती, तेच काय ते अशा दिवशी आजारी पडत.

एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या मार्गशीर्षातल्या अवसेला खांड गेली ती नेमकी बायजाच्या शेतासमोर. बायजा ही रावजी म्हात्र्याची धाकटी बहीण. नवऱ्यामागं माहेरी आलेली. भावानं तिला बांधाच्या कडेचे दोन तुकडे लावून दिले होते आणि त्यांतल्या तांबड्या भातावर तिचं वर्ष निघायचं. तिच्या मागचं शेत रावजीचं. खारं पाणी मृगाआधी अडलं तर पावसाचं गोडं पाणी जमीन धुऊन काढतं. नाही अडलं तर मीठ मुरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथं भातच काय, गवतही उगवत नाही. हे बायजाला सांगायला कोणी शिकलेला माणूस लागत नव्हता. पंचमीच्या सकाळीच ती टोपली घेऊन भावाच्या दारात उभी राहिली.

“दादा, परवापास्नं भांग लागतोय. मानसं सांगू का?”

“थांब,” रावजी म्हणाला. “ह्या खेपेला आपन हे काम नीट करायचं.”

इथं रावजीविषयी सांगायला हवं. रावजी मुंबईत कोटातल्या एका मालवाहतुकीच्या कचेरीत पंखा ओढायला लागला आणि कागदांच्या नकला करणारा कारकून होऊन गावी परत आला. पंखा ओढता ओढता त्याला इंग्रजीचं एक मर्म सापडलं होतं. साहेब जेवतो तेव्हा नुसता जेवतो, झोपतो तेव्हा नुसता झोपतो; पण पैशाचा अंदाज बांधायचा म्हटलं की तो कधी नुसता बांधत नाही. ‘केअरफुली’ बांधतो. खर्च आखतो तो ‘प्रूडंटली’. रक्कम बाजूला ठेवतो ती ‘ड्यूली’. साहेबाच्या पुढं जसा पट्टेवाला चालतो, तसा साहेबाच्या पैशाच्या क्रियापदापुढं हा ‘ली’वाला शब्द चालतो आणि पट्टेवाला पाहिला की लोक आपोआप बाजूला होतात. ज्या वर्षी कचेरीनं सगळ्यांत ‘केअरफुली’ अंदाज बांधला त्याच वर्षी तिचं दिवाळं निघालं, हेही रावजीनं पाहिलं होतं. पण त्यात त्यानं शब्दाला दोष दिला नाही. शब्द आपल्या जागी बरोबर उभा होता.

धर्माजी पाटलाच्या पडवीत गाव जमलं तेव्हा रावजीनं बातमी सांगितली की फुटक्या बांधांसाठी सरकारनं यंदा पैसे काढून ठेवले आहेत. अर्ज करायचा अवकाश.

“मराठीत चालंल ना?” धर्माजीनं विचारलं.

“मराठीत चालतो. इंग्रजीत पळतो.”

अर्ज इंग्रजीत करायचा ठरलं. त्यातलं मुख्य वाक्य रावजीनं मोठ्यानं वाचून दाखवलं : ‘वी हॅव केअरफुली एस्टिमेटेड’, म्हणजे बारा हात खांड बुजवायला इतका इतका खर्च येईल असा अंदाज आम्ही काळजीपूर्वक बांधला आहे.

“ते केअरफुली म्हंजे काय रं?”

“म्हंजे काळजीनं.”

“काळजी त बायजाला हाय. मंग अर्ज तिच्या नावानं लिव की.”

“तशी काळजी न्हाय, पाटील. ही कागदावरची.”

खरं सांगायचं तर खांड कोणी मोजली नव्हती. धर्माजीचा पुतण्या सदा बांधावरून आला तेव्हा रावजीनं त्याला “केवढी हाय?” म्हणून विचारलं. सदानं दोन्ही हात पसरले, मग अजून थोडे पसरले, आणि रावजीनं बारा हात लिहिले. एरवी त्याच्यासारख्या व्यवहारी माणसानं बांधापर्यंत जाऊन दोरी धरली असती. पण ‘केअरफुली’ शब्द लिहून झाल्यावर मोजायला जायचं काही कारणच उरलं नाही. या शब्दाचा हा मोठाच गुण आहे. काळजी घ्यायचे सगळे श्रम तो स्वतःवर घेतो.

अर्ज तालुक्याच्या कचेरीत बाळाजीपंत सोमणांच्या टेबलावर पोचला. बाळाजीपंत हेडक्लार्क. त्यांच्या हाताखालून आजवर धर्मशाळांची, विहिरींची, साकवांची असंख्य एस्टिमेटं गेली होती आणि ती सगळी नुसती केलेली होती. त्यांनी ‘केअरफुली’ वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. हे एक एस्टिमेट जर काळजीपूर्वक केलेलं असेल, तर बाकीची कशी केली होती? उद्या हिशेबतपासनीस आला आणि त्यानं हेच विचारलं तर? एका खेड्यानं एका शब्दात अख्ख्या दप्तराला निष्काळजी ठरवलं होतं, आणि तेही सही-अंगठ्यानिशी.

कागद वर गेला. वरून आणखी वर गेला. महिनाभरानं खाली आला तो एकटा नाही, त्याच्याबरोबर परिपत्रक होतं आणि परिपत्रकाबरोबर रावजीला बोलावणं.

“हा शब्द तुमचा?” बाळाजीपंतांनी त्या शब्दाला बोट न लावता विचारलं.

“व्हय, रावसाहेब. चुकला का?”

“चुकला असता तर बरं झालं असतं. चूक दुरुस्त करता येते. शब्द बरोबर आहे, पण तुमचा नाही. बसा.”

रावजी बसला. बाळाजीपंतांनी परिपत्रक उघडलं. पैशाचा अंदाज बांधताना कोणी कोणता शब्द वापरायचा हे सरकारनं आता नक्की केलं होतं. गावानं बांधायचा तो ‘हंबली’. तलाठ्यानं ‘ड्यूली’. ओव्हरसियरनं ‘रफली’. ‘केअरफुली’ अंदाज बांधण्याचा अधिकार मामलेदाराच्या खाली कोणालाही नव्हता. जिल्ह्याचे साहेब बांधतील तो ‘फायनली’.

“आनि त्यांच्या वरचं सरकार?”

“सरकार नुसतं एस्टिमेट करतं. त्याला शब्द लागत नाही.”

“मंग आमी हंबली लिवतो,” रावजी म्हणाला. “पन पैसे तेवढंच मिळतील ना?”

“हंबली म्हणजे नम्रपणे. नम्र माणसाला पैसे कमी लागतात असा सरकारचा अनुभव आहे.”

“आनि शब्द काढूनच टाकला तर?”

“तर अर्ज काळजीवाचून केला असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल. निष्काळजी अर्ज फेटाळता येतो. शिवाय आधी काळजी होती आणि मग गेली, ती का गेली, याचा खुलासा द्यावा लागेल.” बाळाजीपंतांनी आवाज खाली आणला. त्यांना रावजीबद्दल वाईट वाटत नव्हतं असं नाही. “तिसरा मार्ग आहे. शब्द ठेवा आणि शाबीत करा. ओव्हरसियर पाहणीला येईल. बारा हात लिहिलंत ना? खांड मोजून बारा हात भरली की काळजी सिद्ध. मग मामलेदारसाहेब तो शब्द स्वतःच्या नावावर घेतील आणि काम मंजूर.”

“पाहनी कधी?”

“होईल. पण तोवर खांडीला हात लावायचा नाही. खांड आता तुमची राहिली नाही. ती कागदावर आहे.”

“आनि समुद्र, रावसाहेब?”

“त्याच्याशी पत्रव्यवहार आमच्या टेबलावर नाही.”

रावजी परतीच्या वाटेला लागला तेव्हा खरं तर त्याचं तोंड उतरायला हवं होतं. उलट तो ताठ चालत होता. मामलेदाराचा शब्द त्यानं, मामलेदाराच्या आधी, कोणी न सांगता वापरला होता. असा माणूस अख्ख्या तालुक्यात दुसरा नव्हता.

खांडीला कोणी हात लावू नये म्हणून गावानं पहारेकरी नेमला. सदाला. त्याचा पगार मदतीच्या पैशांतून मदत आल्यावर द्यायचा. चोर आत येऊ नये म्हणून पहारा असतो. इथं कोणी चोरून दुरुस्ती करू नये म्हणून होता. पहिल्याच भांगाला बायजा टोपली घेऊन आली.

“सदा, बाजूला हो.”

“काकी, हुकूम हाय.”

“कुनाचा?”

“रावजीकाकाचा. त्येला कचेरीचा. पानी येऊ दे, मानूस न्हाय येऊ द्यायचा.”

“अरं, माजं शेत हाय त्या पल्याड!”

“ते मला दिसतंय गो काकी. पन शेत कुठं कागदावर हाय? खांड हाय.”

बायजानं टोपली बांधावर पालथी घातली आणि तिच्यावर बसली. समोर तिच्या शेतात पाणी सावकाश शिरत होतं, घरचंच माणूस आल्यासारखं.

पहिल्या दिवशी ही खांड बहुधा आठ हातांची होती. माघाच्या उधाणानंतर ती वीस हातांची झाली. मधल्या एका दिवशी ती नेमकी बारा हातांची असणारच. पण त्या दिवशी पाहायला कोणी अधिकारी हजर नव्हता. रावजी पुन्हा कचेरीत गेला आणि त्यानं मोठ्या नम्रपणे, म्हणजे गावाला मंजूर असलेल्या शब्दातच, वाढीची खबर दिली.

“वाढू कशी दिलीत?” बाळाजीपंत खुर्चीतून उठलेच. “अर्जात बारा आणि जागेवर वीस! याला खोटी काळजी म्हणतात. फौजदारी होईल, म्हात्रे. पाहणीच्या दिवशी मला बारा हात पाहिजेत. कमी नको, जास्त नको.”

त्यानंतर खारशिवण्यात जे सुरू झालं ते खाडीकाठच्या कोणत्याही गावानं आधी केलं नव्हतं. दर भांगाला घरटी एक माणूस बांधावर उतरायचा, रांग लागायची, चिखलाचे गोळे हातोहात पुढं सरकायचे आणि वीस हातांची खांड बारा हात होईपर्यंत बुजवली जायची. मग रावजी दोरी लावायचा, “बास!” म्हणून ओरडायचा आणि माणसं हात धुऊन घरी जायची. पुढच्या उधाणाला पाणी ती पुन्हा रुंद करायचं. पुन्हा भांग, पुन्हा रांग, पुन्हा “बास!” पहिल्या खांडीला जेवढा चिखल लागला असता त्याच्या कितीतरी पट चिखल गावानं तिला उघडी ठेवण्यासाठी घातला.

एका भांगाला हात जरा जास्तच भरभर चालले. जुनी सवय. रावजी ओरडेपर्यंत खांड दहा हातांवर आली. रांग थांबली. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बायजाच्या हातात एक गोळा तसाच होता.

“दादा,” ती म्हणाली, “एवढी भरली. उरलेली भरली त काय हात झडतील?”

“भरली त खांडच न्हाय. खांड न्हाय त अर्ज खोटा. अर्ज खोटा त तुजा भाऊ तुरुंगात.”

बायजानं हातातल्या गोळ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि गोळा खाडीच्या बाजूला टाकला. आता जास्तीचे दोन हात परत खणायचे होते. बापजाद्यांनी बांध घातला त्या गावात बांधावर फावडं मारायला एकही माणूस पुढं होईना. शेवटी रावजीनंच धोतर खोचलं आणि ते दोन हात स्वतः खणले. अगदी केअरफुली.

ओव्हरसियर गुप्ते चैत्रात आले. हातात टेप, बगलेत छत्री, मागं खुर्ची उचलणारा माणूस. त्यांनी टेप लावली. एकदा लावली, दोनदा लावली, मग खुर्चीवर बसले.

“म्हात्रे, इतकी वर्षं नोकरी झाली माझी. कागदावरचं माप आणि जागेवरचं माप जुळलेलं मी आज पहिल्यांदा पाहतोय. रस्ता जुळत नाही, विहीर जुळत नाही. तुमचं भोक जुळलं!”

मुंबईच्या साहेबानं शाबासकी दिली तेव्हाही रावजीला एवढा आनंद झाला नव्हता. गुप्त्यांनी तिथंच पेन्सिल काढून शेरा लिहिला : अंदाज काळजीपूर्वक बांधला आहे, खांड विनाविलंब बुजवावी. एवढ्यावर जर ते गाडीत बसले असते तर खारशिवण्याची गोष्ट इथं संपली असती आणि सांगायला कोणाला सुचलीही नसती.

पण पाहुण्याला उपाशी पाठवायचं कसं? आणि तेही साहेबाला? साहेबाच्या ताटात जिताडा पडल्यावाचून सरकारी काम मार्गी लागत नाही, ही त्या गावाची जुनी श्रद्धा. एरवी असा मोठा मासा रेवदंड्याच्या कोळ्यांकडून घासाघीस करून आणावा लागायचा. यंदा सदा पहाऱ्यावरून उठला, बायजाच्या शेतात जिथं पाणी साचून डबकं झालं होतं तिथं उतरला, आणि मांडीएवढा जिताडा खांद्यावर टाकून आला. बायजानं तो रांधला. कैरी घातली, तिखट बेतानं ठेवलं आणि तांबडा भात वाफेसरशी वाढला. मागच्या वर्षीचा, मडक्यातला शेवटचा. साहेब जेवला की खांड बुजते, असं तिला भावानं सांगितलं होतं.

गुप्ते पहिला घास घेऊन थांबले. दुसरा घेऊन त्यांनी डोळे मिटले. कालवण तिसऱ्यांदा मागून झाल्यावर त्यांनी विचारलं, “कुठला हो हा?”

इथं रावजीनं ‘रेवदंड्याचा’ म्हणायला हवं होतं. पण अभिमान त्याच्या जिभेवर बसला होता.

“हितलाच, साहेब. आमच्या बायजाच्या शेतातला.”

“शेतात जिताडा होतो?”

“खांडीतून येतो ना! उधाणाला आत शिरतो, मंग तिथंच पोसतो. रगड हायेत.”

गुप्त्यांनी हात धुतला. पडवीत येऊन ते पुष्कळ वेळ खांडीच्या दिशेनं पाहत राहिले. सकाळी ज्या नजरेनं पाहिलं तीच नजर आता राहिली नव्हती. मग त्यांनी शेऱ्याचा कागद मागवला, पेन्सिल उलटी धरली आणि तिच्या मागच्या रबरानं ‘विनाविलंब बुजवावी’ एवढं खोडून काढलं. त्या जागी लिहिलं : घाई करू नये. दुसऱ्या पाहणीनंतर अधिक काळजीपूर्वक अंदाज बांधावा.

“पंधरा दिवसांनी येतो,” ते म्हणाले. “मामलेदारसाहेबांनाही दाखवायला हवी ही खांड.”

मामलेदार आले. ते अंदाज नुसताच ‘केअरफुली’ बांधू शकत होते, म्हणून त्यांनी दोनदा येऊन बांधला. त्यांनी वर कळवलं, तेव्हा जिल्ह्याहून एक साहेब आले. त्यांना खांडीपेक्षा कालवणातली कैरी अंमळ आंबट वाटली, पण एकंदरीत त्यांचं मत अनुकूल पडलं. पाहण्या इतक्या वाढल्या की गावाला त्यांची सवय झाली. धर्माजी पाटलाच्या पडवीत खुर्च्या कायमच्याच राहिल्या. सदा पहारा करता करता साहेबांसाठी मासे धरायला लागला आणि उरलेले बाजारात नेऊन विकायला लागला. पगार आला नव्हता, पण त्याला आता त्याची आठवणही नव्हती. ज्यांच्या खुर्च्या, ज्यांच्या गाड्या, ज्यांच्या कैऱ्या, अशा प्रत्येकाला खांडीचा काही ना काही उपयोग सापडला.

आणि रावजी? रावजीकडे आता बोर्लीपासून रेवसपर्यंतची माणसं अर्ज लिहून घ्यायला येत. परिपत्रक त्याच्यामुळे निघालेलं, तेव्हा त्यातलं त्याच्याइतकं कोणाला कळणार! तो अंगणात बसून माणसाची ऐपत पाहायचा आणि त्याप्रमाणे शब्द द्यायचा. फाटक्या कोळ्याला ‘हंबली’. दोन गलबतं असलेल्याला ‘रिस्पेक्टफुली’. एका खोताला त्यानं ‘रीझनेबली’ दिला, तर तो खोत जाताना सुपारीची अर्धी गोणी ठेवून गेला. बायकोनं विचारलं, “शेताचं काय?” तर रावजी म्हणाला, “त्याची काळजी वरच्या लेवलला चालू हाय.”

वैशाख संपत आला. बायजाच्या शेतात ओहोटीला जिथं जमीन उघडी पडायची तिथं मीठ फुललेलं दिसायचं, दुरून दव पडल्यासारखं. धर्माजीच्या पडवीत गाव जमलं ते बायजानंच जमवलं होतं. ती खुर्च्यांच्या मागं, खांबाला धरून उभी राहिली.

“मिरग तोंडावर आला. ह्यो शेवटचा भांग. घरटी एक मानूस द्या. बाकी मी काय मागत न्हाय.”

धर्माजीनं खाकरून घसा साफ केला. “व्हय, बुजवाया तर पायजे. पन येत्या आयतवारी साहेब येतोय म्हनं. त्येचा येक डाव होऊ दे.”

“माजी गाडी त्येंनी ठरवून ठेवलीय,” मागून कोणी म्हणालं.

“आनि काकी,” सदा म्हणाला, “खांड बुजवली त आतलं मासं मरतील की गो. पाप न्हाय का?”

बायजानं भावाकडे पाहिलं. रावजीनं खाली पाहिलं. तिच्या शेतामागचं त्याचं शेतही त्याच पाण्यात होतं. त्याला कळत नव्हतं असं नाही. आत कुठंतरी त्याचा हात टोपलीकडे गेलाही असेल. तो उठला, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाला, “चला रं. जाऊ बांधावर.”

खरंच म्हणाला. दोन-चार माणसं उठलीसुद्धा.

तेवढ्यात कचेरीचा शिपाई घाम पुसत अंगणात आला. मंजुरी आली होती. पूर्ण रकमेची, एक पैसा न कापता. पडवीत असा गलका उडाला की बायजालाही क्षणभर हसू फुटलं. रावजीनं कागद उघडला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीनंतर त्याचा आवाज बारीक झाला, चौथ्या ओळीला थांबला.

“काय लिवलंय?” बायजा म्हणाली.

निरनिराळ्या अधिकाऱ्यांनी निरनिराळ्या वेळी पाहणी करूनही ज्या खांडीचं माप एका बोटानंही बदललं नाही, अशी खांड या किनाऱ्यावर दुसरी नाही, असं लिहिलं होतं. ती बारा हात राखण्यासाठी ग्रामस्थ पंधरवड्याला जे श्रम घेतात ते सरकारच्या लक्षात आले आहेत. तरी हे श्रम वाचावेत म्हणून मंजूर रकमेतून खांडीच्या दोन्ही अंगांना काळ्या दगडाचं पक्कं बांधकाम करून ती कायम करावी. पाहणी दरसाल होईल. खाली तिन्ही सह्या होत्या आणि ‘रफली’पासून ‘फायनली’पर्यंत सगळे शब्द आपापल्या जागी होते.

मृगाचा पहिला पाऊस पडला तेव्हा गवंडी शेवटचा दगड बसवत होता. बायजा छत्री न घेता बांधावर बसली होती. रावजी तिच्या डोक्यावर धरायला इरलं घेऊन आला.

“दादा, येक सांगशील?”

“इचार.”

“तुज्या त्या इंग्रजीत ‘पोटभर’ला काय म्हनतात?”

रावजीनं पुष्कळ विचार केला. कोटातल्या कचेरीतले सगळे कागद त्यानं मनातल्या मनात चाळले. साहेबानं पैशाचा अंदाज बांधताना असा शब्द एकदाही वापरला नव्हता.

“तसा शब्द एस्टिमेटात येत न्हाय,” तो म्हणाला.

ही हकिकत त्या भागात अजून सांगतात. रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत बसलेली माणसं ती ऐकतात, कचेरीला शिव्या घालतात, बाळाजीपंतांची नक्कल पुन्हा करायला लावतात आणि हसून हसून डोळे पुसतात. सगळी शहाणी, सरळ माणसं. त्यांतल्या प्रत्येकानं शेवटी एकच गोष्ट विचारली आहे : “तो जिताडा अजून मिळतो का हो तिथं?” मिळतो, रगड मिळतो. बायजानं त्या वर्षी काय खाल्लं, हे मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही. आणि कालवणात कैरी घातली होती तिथं तुमच्याही तोंडाला जे पाणी सुटलं, ते त्याच खांडीतून आत आलं आहे.